क्लोरीन शून्य

९ फेब्रुवारी, रविवार

टाकी आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद. दोन माणसांनी उचलून हॉलमध्ये बरोबर माझ्या आरामखुर्चीच्या जागी ठेवली. खुर्ची आता दाराजवळ, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात. मला कुणी विचारलं नाही.

स्वरदाला म्हटलं, मासेच पाळायचे होते तर काचेचं छोटं भांडं आणायचं. म्हणाली, "बाबा, मासे नाहीत ते. अ‍ॅक्झोलॉटल." मोबाइलवर फोटो दाखवला. मासा नाही, पाल नाही, बेडूकही नाही. चार पाय, लांब शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. एवढं हसायला काय झालं विचारलं, तर म्हणे तोंडाची ठेवणच तशी आहे. मूळचा मेक्सिकोतला प्राणी. मेक्सिकोतून थेट आमच्या सिडकोत.

पुण्याच्या कुणा आकाशकडे असे दोन आहेत. त्याच्या नव्या जागेत उकाडा फार, म्हणून ते आपल्याकडे येणार. स्वरदाची आणि त्याची ओळख कामातून.

एकतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर लॉगबुक लिहिलं. किती वाजता पाणी सोडलं, गढूळपणा किती, क्लोरीन किती. निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नव्हतं. आता ही वही काढली आहे.

मी नाही म्हटलं नाही, त्याचं कारणही लिहितो. दमयंतीला जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मी आणि स्वरदा, दोघंच. ती अडतीसची आहे आणि ती गेली तर मी या घरात काय करणार, हा विचार मला रोज एकदा तरी येतो. माणूस घरात काही पाळायला आणतो तेव्हा त्याचा घर सोडून जायचा बेत नसतो, एवढं मला कळतं.

१२ फेब्रुवारी

एसी बसला. दहा वर्षं स्वरदा मागे लागली होती आणि दहा वर्षं मी नको म्हणत होतो. पण या प्राण्यांना पाणी अठरा अंशांच्या आसपास लागतं. बावीसच्या वर गेलं की आजारी पडतात. आपल्याकडे मार्चमध्येच ड्रममधलं पाणी तीसला टेकतं. तेव्हा एसी त्यांच्यासाठी. समोर मी बसलो तर तो योगायोग.

संध्याकाळी त्या आकाशचा फोन आला. "काका, प्राणी लगेच सोडायचे नाहीत. टाकी आधी पिकू द्यायची. पाच-सहा आठवडे."

"नायट्रिफिकेशन?" मी म्हटलं.

"व्हय काका! तुम्हाला माहीत आहे?"

एकतीस वर्षं अख्ख्या शहराला पाणी पाजलं आणि हा मला विचारतो माहीत आहे का. पण आनंद झाला त्याला. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, आम्ही अर्धा तास बोललो. कंपनीत चिलर प्लांटवर आहे म्हणे. बोलण्यावरून पुण्याचा वाटेना, म्हणून गाव विचारलं. म्हणाला, मूळचा करमाडकडचा. आडनाव विचारणार तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला.

१८ फेब्रुवारी

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं आणि ते कुजू द्यायचं. त्यातून अमोनिया, अमोनियावर जगणारे जिवाणू. कडूबाई पोळ्या करायला येते, ती पदराआड हसते. "साहेब, कुणाला खाऊ घालू लागले? आत तर कुणीच नाय."

मी म्हटलं, येणारे आहेत.

"व्हय, येणारे हायेत खरं," म्हणाली आणि पुन्हा हसली. या बाईला काहीही सांगितलं तरी हसते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वरदा दोन दिवस पुण्याला, कंपनीचं ट्रेनिंग. आईची हिरवी पैठणी इस्त्री करून नेली. शेवटच्या दिवशी काही समारंभ आहे म्हणे. ट्रेनिंगला पैठणी! आमच्या वेळी ट्रेनिंगला जुना शर्ट नेत असू, कारण पंपाचं ग्रीस लागायचं.

अमोनिया एकदम चढला आणि आकाशचा फोन बंद. गरज असते तेव्हाच हे लोक गायब.

२४ फेब्रुवारी

स्वरदा आली. पेढे आणले. ट्रेनिंगमध्ये पहिली आली. मी दोन खाल्ले, एक कडूबाईला दिला. तिने तो डोळ्यांना लावून खाल्ला.

१६ मार्च

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. क्लोरीन शून्य. टाकी पिकली. पस्तीस दिवस रिकाम्या पाण्याची सेवा केली, आता खरे मालक येऊ देत.

२३ मार्च, रविवार

आले.

पुण्याहून एक माणूस वाळूजला स्वरदाच्या कंपनीत थर्मोकोलचं खोकं देऊन गेला, ते स्वरदाने घरी आणलं. पिशवीतल्या पाण्यात दोघं. एक दुधासारखा पांढरा, कल्ले गुलाबी. दुसरा काळपट, पाठीवर सोनेरी ठिपके. पिशवी टाकीतल्या पाण्यावर तासभर ठेवली, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी आत. आकाश फोनवर होता. "काका, घाई नको. त्यांना तुमचं पाणी कळू द्या." चांगलं बोलतो हा मुलगा.

तळाशी खडे घातलेले नाहीत, कारण हे तोंडात येईल ते गिळतात. लपायला मी चार इंची पाइप उभा चिरून दोन बोगदे केले, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. सोडल्याबरोबर दोघंही एकाच बोगद्यात शिरले. दुसरा रिकामा पडलाय.

स्वरदाने नावं ठेवली, मुरमुरा आणि जांभूळ. मी म्हटलं, फराळाचा बेत आहे की काय. ती खूप हसली. मग टाकीला कपाळ टेकवून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडले ना? खरं सांगा." त्यात डोळे भरून येण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

२५ मार्च

गांडुळं. कडूबाईच्या भावाचा करमाडला गांडूळखताचा वाफा आहे, तिथून ती डबाभर आणते. मी, चतुर्थीला कांदा न खाणारा मनुष्य, आज गांडूळ धुऊन, तुकडे करून, पापड भाजायच्या चिमट्याने पाण्यात धरलं. मुरमुऱ्याने काही वेळ विचार केला. मग एकदम तोंड उघडलं आणि ओढून घेतलं. मी ओरडलो. कडूबाई पोळी जळेपर्यंत हसत होती.

चिमटा आता त्यांचाच झाला. पापड तळून खाऊ.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. स्वरदा दुपारी कंपनीत गेली, पाडव्याचाही ओव्हरटाइम. श्रीखंडाचा डबा बरोबर नेला.

पाणी १९ अंश. दोघंही आता काचेजवळ मी आलो की वर तोंड करतात. आकाश म्हणतो, ओळखू लागले तुम्हाला.

५ एप्रिल, शनिवार

घडलं तसं लिहितो.

काल पहाटे नळ आला, आठव्या दिवशी. तिन्ही ड्रम भरले. एकतीस वर्षांची सवय अशी की ड्रम भरला की माझा हात क्लोरीनच्या बाटलीकडे जातो. दोन ड्रम घरासाठी, निळा टाकीसाठी. निळ्यात काही घालायचं नाही, झाकणावर स्वरदाच्या अक्षरात चिठ्ठीही आहे. मी तिन्हींत घातलं.

आज पाव टाकी पाणी बदललं. क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली नाही. का, तर पाणी माझ्या हातचं होतं. पाच मिनिटांत दोघंही वेड्यासारखे धावू लागले. जांभूळ काचेवर आपटला, मुरमुऱ्याचे कल्ले पुढे मुडपले, तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढू लागला. मग टेस्ट केली तर पिवळंधमक.

आकाशला फोन लावला. मला नीट बोलताही येईना. तो एकदाही असं कसं केलंत म्हणाला नाही. "काका, आधी श्वास घ्या. प्यायच्या पाण्याचा जार आहे? टबमध्ये ओता, फ्रिजची बाटली मिसळा. दोघांना काढा त्यात. आता टाकीत हायपो, क्लोरीन मारायला. किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत." मला माहीत होतं. त्याने आठवण करून दिली म्हणून हात चालले.

दोन तासांनी कल्ले सुटे झाले.

शेवटी मी त्याला म्हटलं, स्वरदाला सांगू नका.

तो म्हणाला, "नाही सांगत काका. मॅडमना कळायची गरज नाही."

६ एप्रिल

मुरमुऱ्याच्या उजव्या कल्ल्याची दोन पिसं गळाली. आकाश म्हणतो, पुन्हा येतील. स्वरदाने विचारलं, हे काय झालं? मी म्हटलं, जांभळाने चावलं असेल. तिने बोटाने जांभळाला दटावलं. बिचारा.

१३ एप्रिल, रविवार

डोक्यात एक विचार आलाय.

हा आकाश. दोन महिने रोज बोलतोय. न चुकता फोन, आधी माझी तब्येत विचारणार, मग टाकीची. पाण्यातलं कळतं. स्वभाव शांत. वय विचारलं, एकोणचाळीस. स्वरदाला स्थळ म्हणून का विचारू नये? पुण्याचा आहे, हे एक वाईट. पण बोलून बघता येईल, इकडे वाळूजला बदली घेता येते, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ती मी कुणालाही सांगितलेली नाही. स्वरदाच्या कंपनीतला कुणी खरात. त्याचा मला फोन आला, भेटायला येऊ का. कशासाठी ते कळलं. आडनावावरून जे कळायचं तेही कळलं. मी जातपात मानणारा नाही. केंद्रावर सगळे होतो, एका डब्यातून जेवलो. पण लग्न म्हटलं की दोघंच नसतात, दमयंतीच्या बहिणी असतात, चार माणसं असतात. मी त्याला सांगितलं, स्वरदाची इच्छा नाही, तिनेच मला तुमच्याशी बोलायला सांगितलंय. संध्याकाळी स्वरदाला सांगितलं, त्या खरातांचा फोन होता, जमणार नाही म्हणाले. विषय मिटला. तो आठवड्यात बदली घेऊन कुठेतरी गेला. ती महिनाभर नीट जेवली नाही, मग जेवू लागली.

खरं तर कारण आडनावही नसेल. आडनाव नसतं तर मला दुसरं काही सापडलं असतं. ती गेली असती आणि मी राहिलो असतो, एवढंच मला दिसत होतं. बापाने हे लिहू नये, पण लॉगबुकात खोटं लिहायची मला सवय नाही.

तेव्हा त्याच्या जागी आकाशसारखा कुणी आला असता तर मी नाही म्हटलं नसतं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून रस्ते निळे. स्वरदा पांढरी साडी नेसून बाहेर पडली, विशाखाकडे जाते म्हणाली. विशाखा तिची कंपनीतली मैत्रीण. संध्याकाळी आकाशला फोन केला तर मागे इतका ढोल की बोलता येईना. पुण्यातही चांगलीच मिरवणूक निघते म्हणायची.

१६ एप्रिल

आज विचारलं. आडून आडून, म्हणजे मला जमतं तितकं. "लग्न झालंय का तुमचं?"

"झालं काका. फेब्रुवारीत."

माझा चेहरा पडला असणार. फोनवर दिसत नाही ते बरं. म्हटलं, बोलला नाहीत कधी. म्हणाला, घाईत झालं, रजिस्टर. बायको कशी आहे विचारलं. "लई चांगली आहे. वडिलांना फार जपते. म्हणून तर अडलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

मग मात्र मी त्याला झापलं. म्हटलं, हे बरोबर नाही. बापाला असं अंधारात ठेवू नये. त्याला दुसरीकडून कळलं तर त्याच्या जिवाला काय वाटेल?

"मग कसं सांगू काका? तुम्हीच सांगा."

"सरळ जा, समोर बसा आणि सांगा. चिडेल. चार शिव्या घालेल. मग पाणी विचारेल. बाप तो बाप."

"सांगतो," म्हणाला. आवाज बारीक झाला होता. जरा जास्तच बोललो का?

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी साडेनऊला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. एसी बंद, फिल्टर बंद. साडेदहाला पाणी बावीस, अकराला तेवीस. बाहेर बेचाळीस. बर्फाच्या चार बाटल्या होत्या, त्या वितळल्या. स्वरदाचा फोन लागेना, तिच्याकडे ऑडिट. आकाशला लावला. "काका, येतो मी," म्हणाला आणि ठेवला. मला वाटलं, गोंधळात काहीतरी बोलला. पुण्याहून येईपर्यंत इथे दोघांचं सार झालं असतं.

पाऊण तासात दारात मोटारसायकल थांबली. मागे थर्मोकोलचं खोकं बांधलेलं. उंच, सावळा, चष्मा. "काका, मी आकाश." मी त्याला मिठीच मारली. विचारायचं सुचलंच नाही.

त्याने बाटल्या सोडल्या, टाकीवर ओलं फडकं अंथरलं, बॅटरीचा पंप लावला. एकला पाणी वीस. दीडला वीज आली. मुरमुरा बोगद्यातून बाहेर येऊन त्याच्या बोटाखाली थांबला, माझ्या बोटाखाली थांबतो तसाच.

मग मी म्हटलं, "तुम्ही पुण्याहून इतक्या लवकर कसे आलात?"

तो हात पुसून माझ्यासमोर बसला. स्टुलावर, ताठ. "काका, तुम्ही म्हणाला होता सरळ जा, समोर बसा आणि सांगा. मी बजाजनगरला राहतो. वर्षभर झालं परत येऊन. माझं आडनाव खरात. फेब्रुवारीत पुण्याला माझं आणि स्वरदाचं लग्न झालं."

कडूबाई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी शिव्या घातल्या नाहीत. पाणीही विचारलं नाही. दार दाखवलं. तो गेला.

२६ एप्रिल

पैठणी. पेढे. पाडव्याचं श्रीखंड. पांढरी साडी. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे पेढे मी ट्रेनिंगचे म्हणून खाल्ले आणि चांगले आहेत म्हणालो. आणि फोनवर जावयालाच सल्ला देत होतो की सासऱ्याला कसं सांगावं! माझ्या मूर्खपणाला हसून हसून लोटपोट झाले असतील दोघं.

स्वरदा काल संध्याकाळी आली तशी दारातच रडू लागली. मी म्हटलं, किती जणांना माहीत आहे? विशाखा, तिचा नवरा, कडूबाई. पोळ्या करणारीला माहीत, मला नाही.

"तुम्ही त्याला आडनावाआधी ओळखावं असं मला वाटत होतं बाबा. म्हणून हे प्राणी. त्याच्या खोलीवर पत्रे आहेत, ते तिथं खरंच जगले नसते. पण त्या निमित्ताने तुम्ही दोघं बोलाल असं वाटलं. आणि बोललात ना? तुम्हाला तो आवडला ना?"

म्हणजे दोन महिने माझी टाकी पिकवत होते.

मी म्हटलं, तू मला फसवलंस. हे घर, हा एसी, हा प्राण्यांचा लळा, सगळं फसवणूक. माझ्या पोटच्या पोरीने केली. तू जा, तुझ्या नवऱ्याकडे जा.

२७ एप्रिल, रविवार

गेली. दोन बॅगा. टाकीकडे बघून म्हणाली, यांना सध्या इथंच राहू द्या, तिकडे मरतील. मी टाकीचा थर्मामीटर वाचत राहिलो.

एक गोष्ट मात्र कळत नाही. त्या खराताला मी तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं, ते त्याला माहीत आहे. तिला काय सांगितलं, ते तिला माहीत आहे. दोघं एकत्र बसले की माझं खोटं उघडं पडायला एक मिनिट लागतं. पडलंच असणार. मग परवा ती त्यावर एक शब्द का बोलली नाही? राखून ठेवलंय. वेळ आली की काढेल.

काढू दे. मी एकदा खोटं बोललो, तिच्या भल्यासाठी. हे दोन महिने रोज बोलत होते.

२९ एप्रिल

पाणी १९. क्लोरीन शून्य. गांडुळं संपत आली. कडूबाईला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी आली. म्हणाली, "साहेब, मला बोला, पर त्येंना उपाशी ठेवू नगा." डबा ठेवून, पोळ्या करून गेली. मी तिच्याशी बोललो नाही. पोळ्या खाल्ल्या.

बापाच्या पाठीमागे लग्न. कुणाला सांगायचं? दमयंतीच्या बहिणींना काय सांगू, की मला पेढा मिळाला होता?

४ मे, रविवार

स्वरदा एकटी आली. खुर्चीजवळ खाली बसली, लहानपणी बसायची तशी. मी मनाची तयारी केली होती. आता ती खरातच्या त्या फोनचा विषय काढेल, मी माझं ऐकवेन, मोठं भांडण होईल.

ती म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मी कारणं देत नाही. तीन वर्षांपूर्वी आकाश घाबरला आणि मागे हटला. तेव्हा मला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं, की समोर येऊन सांगितलं नाही. ते त्याने नंतर कबूल केलं, माफी मागितली, मी माफ केलं. आणि मी मात्र तुमच्याशी तेच केलं. तुमच्याशी. तुम्ही आयुष्यात एकदाही माझ्याशी खोटं बोललेले नाहीत."

तिला माहीतच नव्हतं. त्याने स्वतःवर घेतलं होतं.

मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे. क्षमा केली. मी केली! ती रडली, मग टाकीतलं पाणी बदललं, वरण-भात करून जेवू घातलं आणि गेली. मला लाज वाटतेय, इतकी की लिहितानाही खोली सोडून जावंसं वाटतं.

५ मे

आकाशला फोन केला. दहा दिवसांनी. विचारलं, तिला का नाही सांगितलंस?

"सांगून काय झालं असतं काका? तिने तुमचं तोंड बघितलं नसतं. मी घाबरलो असं म्हटलं की ती चार दिवस चिडली, मग संपलं."

"आणि माझ्याशी रोज गोड बोलत होतास. माहीत असून."

"सुरुवातीला लई राग यायचा," तो म्हणाला. "फोन ठेवला की भिंतीवर हात मारायचो. मग ते क्लोरीन झालं, तुम्ही लहान पोरासारखं सांगू नका म्हणालात. तेव्हापासून राग करता येईना." मग म्हणाला, "आता तिला सांगू नका. चांगलं चाललंय."

दुसऱ्यांदा मला कुणीतरी गप्प बसायची सोय करून देत होतं. पहिल्यांदा, क्लोरीनच्या वेळी, ती मीच मागून घेतली होती. मी विचार करतो म्हणालो.

११ मे, रविवार

सांगितलं.

ती आंबे घेऊन आली होती. मी म्हटलं, आधी बस. सगळं सांगितलं, फोनवर त्याला काय म्हणालो, तिला काय म्हणालो, कशासाठी. आडनावाचं सांगितलं. मला एकटं राहायची भीती होती, तेही सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

मला वाटलं होतं ओरडेल. ती आंब्याच्या पिशवीचं बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आकाशला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही परत भेटलात तेव्हापासून."

"दीड वर्ष." तिने बंद सोडला, पुन्हा गुंडाळला. "मी त्याला माफ केलं होतं बाबा. जे त्याने केलंच नव्हतं त्याबद्दल. देवळात जाऊन नारळ फोडला होता मी, की मला राग सोडता आला म्हणून. आणि गेल्या रविवारी तुमच्या पाया पडले."

मी म्हटलं, आम्ही दोघांनीही तुझ्यासाठीच.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत," ती म्हणाली, "की मला काय कळू द्यायचं." आणि उठली. पिशवी टेबलावर राहिली.

१३ मे, मंगळवार

सकाळी आकाश आला. दाढी वाढलेली. "काका, स्वरदा इथं आहे का?"

मी नाही म्हटलं. त्याने सांगितलं, रविवारपासून ती विशाखाकडे आहे; वाटलं, रात्रीतून इथं आली असेल. काल कंपनीच्या दारात त्याला भेटली आणि म्हणाली, मला चार दिवस तुमच्यापैकी कुणाचंही तोंड बघायचं नाही.

आम्ही दोघं टाकीसमोर बसलो. तो म्हणाला, मी तिला वाचवायला गेलो. मी म्हटलं, तीन वर्षं मीही स्वतःला हेच सांगत होतो. मी चहा केला, त्यानं घेतला, साखर जास्त झाली होती तरी बोलला नाही.

मागची पानं चाळली. पंचवीस एप्रिलपासून मी फसवला गेलो, मी फसवला गेलो, एवढंच लिहिलंय. तिला एका माणसाने खोटं सांगून दीड वर्ष तोडलं, दुसऱ्याने खोटं सांगून जोडून घेतलं आणि वर तिनेच त्याला न केलेल्या चुकीची माफी दिली आणि माझी माफी मागितली. या घरात फसवलेली ती एकटी होती, आणि मला ते कळायला टेबलावर राहिलेली तिची आंब्यांची पिशवी दिसावी लागली.

अकराच्या सुमारास दोघांच्याही मोबाइलवर एकदमच तिचा निरोप आला. माझा चष्मा आत होता, म्हणून आकाशने वाचून दाखवला: "रविवारी येते. दोघंही घरी थांबा. मी एकेक विचारीन, त्याचं उत्तर द्यायचं. उत्तर देताना एकमेकांकडे बघायचं नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे. तो म्हणाला, बरोबर आहे. दोघांनाही एकमेकांकडे बघावंसं वाटलं. बघितलं नाही.